धाकट्याचं जुनं रूप

प्रिय ठकू,

बाबांच्या डोळ्यावरची पट्टी काल निघाली. ऑपरेशन छान झालंय, काळजीचं काही कारण नाही. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्याने वाचून दाखवलं. मग खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघून "अरे, याला सुटी सुटी पानं आहेत!" असं लहान मुलासारखं ओरडले. आणि मग माझ्याकडे वळले ते बघतच राहिले. इतक्या वर्षांनी नवरा असा टक लावून बघतोय म्हटल्यावर मला वाटलं, आता काहीतरी गोड ऐकायला मिळणार. तर म्हणाले, "अगं, तू एवढी कधी थकलीस?" नर्सबाई तोंड फिरवून हसल्या. मीही हसले. पण घरी येताना टॅक्सीत तेच मनात घोळत होतं. मोतीबिंदू जसा सावकाश वाढत गेला, तशीच मीही सावकाश थकत गेले असणार. दोघांपैकी कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता.

घरी आल्यापासून त्यांनी मोहीमच उघडलीये. छताची जळमटं, कपाटामागची धूळ, चहाच्या कपांवरचे डाग, सगळं त्यांना एकदम दिसायला लागलंय, आणि हे सगळं कालच्या एका दिवसात मीच करून ठेवलंय असा त्यांचा सूर आहे. आत्ता जेवून झोपलेत. मी आज रजा टाकलीये. ओट्यावर भांडी तशीच आहेत, आणि मी खिडकीपाशी खुर्ची ओढून तुला लिहायला बसलेय. भांडी कुठे पळून जात नाहीत.

तुला धाकट्याबद्दल सांगायचंय. खूप दिवसांत आपण त्याचं नाव काढलेलं नाही. फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो, बाबांच्या गुडघ्यांचं बोलतो, भाज्या किती महागल्यात ते बोलतो, आणि त्याच्यापाशी आलो की दोघीही वळसा घालून पुढे जातो. तू दुसरीत होतीस तेव्हा मी त्या औषधाच्या शोधाच्या कामावर रुजू झाले. घरी यायला उशीर व्हायचा, तुला जेवू घालताना माझं लक्ष भलतीकडेच असायचं, म्हणून बाबा तुला सांगायचे, "तुला धाकटा भाऊ झालाय ना, आई त्याच्यापाशी असते." मग शाळेत बाईंनी विचारलं, तुला भावंडं किती? तू सांगितलंस, एक धाकटा भाऊ आहे, पण त्याला बाटलीत ठेवलाय. बाईंनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. त्यांची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. तेव्हापासून घरात त्याचं नाव धाकटाच पडलं, आणि पुढे प्रयोगशाळेतही सगळे तेच म्हणायला लागले. कागदोपत्री त्याला चार अक्षरं आणि पाच आकड्यांचं नाव आहे, पण ते फक्त कागदांनाच माहीत.

त्या काळात धाकटा नव्हताच, खरं म्हणजे. नुसती त्याची वाट होती. मेंदूकडून स्नायूंना निघालेला निरोप पोचायच्या आतच त्याचा फडशा पाडणारं एक प्रथिन काहींच्या शरीरात माजतं. हळूहळू हातातली पकड जाते, मग दंड, मग पाय. त्या प्रथिनाला आवर घालणारा पदार्थ शोधायचा होता. आम्ही पदार्थ बनवत गेलो, एकाच्या शेपटाला थोडं लांब कर, दुसऱ्याच्या कडेचा एक अणू बदल, तिसऱ्याला उलटा फिरव. शेकड्यांनी केले. बहुतेक काहीच करत नसत. जे करत, ते बशीत वाघ आणि उंदरात शेळी. एक फार सुंदर काम करायचा, पण यकृत त्याला दारातूनच परत पाठवायचं. एक इतका छान होता की आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, आणि त्याने उंदरांच्या हृदयाचे ठोके चुकवले. असे आम्ही कितीतरी पुरले. मधे दोनदा सगळं काम गुंडाळलं गेलं आणि दोनदा परत उघडलं. बाहेरच्यांना वाटतं, औषधाचा शोध म्हणजे एक दिवस कुणीतरी ओरडतं, सापडलं! मी इतक्या वर्षांत कुणाला ओरडताना ऐकलं नाही. धाकटा मिळाला त्या दिवशीसुद्धा भिंगवाल्याने मान वर न करता एवढंच म्हटलं, "हा मेला नाही अजून." तुला भिंगवाला आठवतो ना? सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरणांच्या यंत्रावर बसणारा, डबा उघडला की आधी त्यात वाकून बघणारा. तोच.

मग माणसं आली. आधी धडधाकट माणसं, नुसतं सोसतंय का ते बघायला. मग रुग्ण. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल, आणि कुणाला काय चाललंय ते ना त्यांना ठाऊक ना त्यांच्या डॉक्टरला. ती वर्षं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील, कारण तेव्हा तू बारावीत आणि मग कॉलेजात होतीस आणि घरात मी असून नसल्यासारखी होते. शेवटी मुठी उघडल्या, कुणाला काय मिळालं होतं ते कळलं, तेव्हा चमत्कार काही नव्हता. आजार बरा होत नव्हता. पण ज्यांना औषध मिळालं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची पकड टिकली होती, आणि काहींची परत आली होती. अर्ज पुढे गेले, मंजुरीची वाट बघणं सुरू झालं, आणि तोवर ज्यांना गुण आलाय त्यांना औषध चालू ठेवायचं ठरलं.

त्यांच्यातली एक बाई शिंपीण आहे. खरं तर औषध बनवणाऱ्यांनी रुग्णांना भेटायचं नसतं, पण चाचणी संपल्यावर तिनेच तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंपाशी हट्ट धरला, की हे ज्यांनी केलं त्यांना मला एकदा बघायचंय. मी आणि भिंगवाला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, माझ्याच वयाची, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. मला वाटलं, आता ही हात जोडणार, रडणार, आणि मला काय बोलावं सुचणार नाही. तिने तसलं काहीच केलं नाही. माझ्या बाहीची शिवण दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाली, "हे कुणी शिवलंय? मापाने नाही कापलेलं. काढा, नीट करून देते." मी म्हटलं, "आत्ता?" तर म्हणते, "मग कधी? हात आत्ता चालतायत." आणि खरोखर तिथे बाकावर बसून, पर्समधून सुई काढून, एका दमात दोरा ओवून तिने माझ्या कोटाची बाही उसवली आणि परत शिवून दिली. भिंगवाला बघत उभा. खाली उतरताना जिन्यात तो मला म्हणाला, "मी आयुष्यभर यंत्रात बघितलं. हे असं कुणी दाखवलं नव्हतं." मग नाक शिंकरून, धुळीला शिव्या देत पुढे चालायला लागला.

गेल्या वर्षी एके सकाळी तोच माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात नवीन खेपेच्या कॅप्सूल. म्हणाला, "विरघळत नाहीयेत." मी म्हटलं, पाणी गार असेल. म्हणाला, "तीनदा पाहिलं." मी स्वतः जाऊन पाहिलं. काचेच्या भांड्यात, पोटासारख्या कोमट पाण्यात कॅप्सूल उघडायची, आणि आतली पूड बुडाशी जाऊन स्वस्थ बसायची, वाळू बसावी तशी. पदार्थ तोच होता. शंभर टक्के धाकटाच. एक अणू इकडचा तिकडे नव्हता. पण त्याने रचना बदलली होती.

हे तुला मी सांगायला नको, तुझा तर तो विषयच. तरी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे आम्ही कुठे अडकलो ते तुला कळेल. त्याच विटा, पण आधी त्या सैल रचल्या जात होत्या, पाणी सहज आत शिरायचं. आता कुठल्यातरी क्षणी, कुठल्यातरी भांड्यात, त्या विटांना जास्त घट्ट बसायची रीत सापडली. इतकी घट्ट की पाण्याला शिरायला फटच नाही. पोटात गेलेली कॅप्सूल आली तशी बाहेर जाते. आणि एकदा ती घट्ट रीत जगात आली, की तिची एक कणी पुरते. ती कणी नव्या भांड्यात पडली की आतला सगळा धाकटा तिच्याकडे बघून तसाच बसतो. कुणाला दोष द्यावा, तर कुणाची चूकच नाही. इतकी वर्षं ही रीत कुणाला सापडली नव्हती, एवढंच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, तसं. आणि त्या शेपटाने हत्तीलाच मागे ओढला.

आधी आम्ही घाबरलो नाही. म्हटलं, धुऊन काढू, परत करू. भांडी उकळली, भट्टीत घातली, नवी आणली. परत घट्ट. खोली बदलली. घट्ट. जिथे कधी धाकट्याचं काम झालंच नव्हतं अशा दुसऱ्या मजल्यावर करून बघितलं, तिथेही घट्ट. मग कळलं की ती कणी आमच्या कपड्यांत आहे, केसांत आहे, चपलांच्या शिवणीत आहे, हवेच्या नळ्यांत आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. दुसऱ्या गावातल्या एका प्रयोगशाळेला काम दिलं. पहिल्या वेळी त्यांना जुनं रूप मिळालंसुद्धा. इकडे आम्ही टाळ्या वाजवल्या. मग नियमाप्रमाणे आमचा माणूस तपासणीला गेला. नवे कपडे घालून, आंघोळ करून गेला होता बिचारा. पण बॅग तीच होती. तो परत यायच्या आत तिथलं भांडंही घट्ट झालं. आता त्या गावात जुनं रूप होत नाही.  मी आमच्या त्या माणसाला सांगितलं, अरे बाबा, आपण सगळेच आता संसर्गी. त्याला हसू आलं नाही.

म्हणूनच हे पत्र मी हाताने लिहितेय खरी, पण तुला फक्त त्याचे फोटो पाठवीन. कागद इथेच राहील. तुझ्या वाढदिवसाला मी पार्सल पाठवलं नाही, त्याचंही कारण तेच होतं. मला तेव्हा सांगता येत नव्हतं.

तेलात विरघळवून द्यायचंही पाहिलं. दोन चमचे कडू, चिकट तेल. काहींनी नाक दाबून घेतलं, बऱ्याच जणांच्या पोटात टिकलं नाही, आणि बाटली जरा गार झाली की तिच्या बुडाशीसुद्धा तीच वाळू. मग राहिल्या जुन्या खेपेच्या कॅप्सूल. त्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात. कुणाला किती द्यायच्या ते त्या ठरवतात. त्या काय ठरवत असतील, मी विचारत नाही. एकदा फोनवर सहज बोलता बोलता त्यांनी शिंपीणबाईंचं सांगितलं. तिला खरं सांगून टाकलंय, की औषध संपत आलंय आणि पुढचं कधी येईल माहीत नाही. ती घरी गेली आणि नातीच्या शाळेचे गणवेश शिवायला बसली. नात पहिलीत आहे. दुसरीचा शिवला, तिसरीचा शिवला, चौथीचा. प्रत्येक थोडा मोठा, अंदाजाने. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढी घाई कशाला? तर म्हणाली, "पोर वाढणारच आहे हो. मी कापून ठेवते. हात गेल्यावर तोंडाने थोडंच शिवता येतंय?" गेल्या भेटीत तिला सुईत दोरा ओवायला नातीची मदत लागली. म्हणजे सुरू झालंय. सातवीपर्यंत पोचलीये म्हणे.

हे ऐकल्यापासून, ठकू, मला झोप लागते पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. रोज सकाळी कोट चढवते, जाते, भांड्यात बघते, वाळू बघते, परत येते. पुढच्या महिन्यात माझी नोकरी संपते. निरोपाच्या दिवशी लोक चार चांगले शब्द बोलतील, आणि मी धाकट्याला अशा अवस्थेत ठेवून दारातून बाहेर पडेन. थकवा कामाचा नसतो गं. काम करून माणूस दमतो, झोपतो, उठतो. हा थकवा हातातोंडाशी आलेलं हातातून सुटण्याचा आहे.

शनिवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मोठ्या टेबलाभोवती आम्ही सहा-सात जण. साहेब म्हणाले, एक शेवटचा प्रयत्न करायचा आणि नाही जमलं तर कुलूप. प्रयत्न असा, की ज्या जागी आपल्यापैकी कुणी पाऊल टाकलेलं नाही, आणि जो माणूस नवं रूप आल्यापासून आपल्यातल्या कुणाला भेटलेला नाही, अशा ठिकाणी जुन्या रूपाचं बी, विरजणाला लागतं तसं, करून घ्यायचं. मूठभर पुरे. त्या बियावर एक अगदी नवा कारखाना, जिथे आपलं कुणी जाणार नाही, पुढचं सगळं करेल. आपण फक्त सांगायचं, तेही लांबून. एवढं नाजूक काम नुसतं सांगून कळेल असा माणूस कोण? दोन नावं निघाली, दोघेही गेल्या वर्षी आमच्या इमारतीत येऊन गेलेले. म्हणजे दोन्ही बाद. आणि भिंगवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमची मुलगी स्फटिकच वाढवते ना?"

मी लगेच म्हटलं, "ती नाही. ती औषधाच्या कामाला हात लावत नाही." कारण तू मला काय म्हणाली होतीस ते माझ्या लक्षात आहे. पदवी झाल्यावर आमच्याकडे जागा होती, तुला बोलावणंही आलं होतं, आणि तू स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, "मला असं काम करायचंय, ज्याची कुणी वाट बघत नसेल." बाबा म्हणाले, असं काय बोलतेस? तू म्हणालीस, "या घरात सगळे कायम कशाची तरी वाट बघत असतात. मला ते नकोय." आणि तू त्या लांबच्या गावातल्या कॉलेजात गेलीस, जिथे तू मिठांचे नि तुरटीचे नि कसले कसले स्फटिक वाढवतेस, मुलांना शिकवतेस, आणि तुझ्या एखाद्या स्फटिकाला महिना जास्त लागला तर कुणाचा हात लुळा पडत नाही. मला तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, फक्त मला ते इतक्या चांगल्या शब्दांत सांगता आलं नसतं.

साहेबांनी विचारलं, "त्या शेवटच्या कधी आल्या होत्या घरी?" आणि ठकू, आईला असल्या गोष्टी पाठ असतात. मला मनात मोजावंही लागलं नाही, उत्तर जिभेवरच होतं. म्हटलं, तीन वर्षं होत आली. बाबांच्या साठीला आली नव्हती. मी एकदा येते म्हटलं तर नको म्हणाली, परीक्षा आहेत म्हणाली. टेबलाभोवती एकदम हालचाल झाली. कुणीतरी "वा!" म्हणालं. साहेबांचा चेहरा उजळला. नवं रूप यायच्या कितीतरी आधीपासून ही मुलगी या घराच्या, या माणसांच्या जवळपासही फिरकलेली नाही, याहून चांगली बातमी त्यांच्यासाठी काय असणार? माझ्या घरातलं सगळ्यात मोठं दुखणं मी बोलून दाखवलं आणि खोलीतल्या लोकांना आनंद झाला. मी त्यांना दोष देत नाही. मलाही क्षणभर झालाच होता. बाहेर पडताना भिंगवाला दारात थांबला आणि म्हणाला, "मी बोलायला नको होतं." मी म्हटलं, "तू नसतास बोललास तर मी बोलले असते." ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही.

काम काय आहे ते सांगते. शेवटून दुसऱ्या पायरीपर्यंतचा पदार्थ लांबच्या एका पुरवठादाराकडून थेट तुझ्या कॉलेजात येईल. आमच्या कुणाचा हात लागणार नाही. तू शेवटची पायरी करायचीस, आणि मग सावकाश, फार सावकाश गार करायचं. कसं ते मी लिहून कळवीन, पण तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल, कारण घाई न करणं तू शिकली आहेस आणि मला ते कधी जमलं नाही. जे होईल ते बंद कुपीत घालून नव्या कारखान्याच्या माणसाच्या हाती द्यायचं. साहेब तुझ्या प्राचार्यांशी रीतसर बोलतील, परवानग्या बघतील, लागेल ते साहित्य देतील. आणि हे जमेलच असं मी म्हणत नाही. ती कणी वाऱ्यावर आधीच तुझ्यापर्यंत पोचलेली असेल, तर तुझ्या भांड्यातही वाळूच बसेल, आणि तो दोष तुझा नसेल.

आता हे सगळं मी आजच का लिहितेय ते. रविवारी, म्हणजे त्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, तुझा फोन आला. नवीन घर मिळालं म्हणालीस, सकाळचं ऊन थेट आत येतं, एक खोली रिकामीच आहे. आणि मग जरा थांबून म्हणालीस, "आई, तू आता रिटायर होतेस ना? ये ना इकडे. महिनाभर राहा." तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि मी काहीच बोलले नाही. इतका वेळ गप्प राहिले की शेवटी तूच "बघ, जमलं तर" असं म्हणून फोन ठेवलास. त्या गप्प राहण्याचा तू काय अर्थ लावला असशील, ते मी तुझी आई आहे म्हणून मला कळतं. म्हणून सांगते. तू या कामाला हो म्हणालीस, तर मी येऊ शकत नाही. बी तयार होऊन कारखाना चालू लागेपर्यंत, कदाचित वर्षभर, ना मी, ना बाबा, ना या घरातली एखादी वस्तू तुझ्या दारात आली पाहिजे. तू नाही म्हणालीस, तर पुढच्या महिन्यात निरोप समारंभ झाला की मी थेट स्टेशनवर जाईन. साहेबांना मी बजावून ठेवलंय, की नकार आला तर कुणी कारण विचारायचं नाही आणि मनधरणी करायची नाही. मला कुठलं उत्तर हवंय ते मात्र विचारू नकोस. मला दोन्ही हवी आहेत, आणि दोन्ही एकदम मिळत नाहीत एवढं कळायचं माझं वय झालंय. तुला जे करावंसं वाटेल ते कर, मी कशानेही रुसणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, रविवारी मी गप्प होते ते यायचं नव्हतं म्हणून नव्हे. तू बोलत होतीस तेव्हा मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती, आणि ती अर्धी भरून झाल्यावर मला ती कणी आठवली होती.

तुझीच,
आई